पिंपळाचा आठ कोपऱ्यांचा पार (जो शेवटी दहा कोपऱ्यांचा झाला)

वाडीतल्या पिंपळाभोवतीचा जुना पार फुटला होता. तो काढून नवीन बांधायचं काम या सुट्टीत अंगावर घेतलं. रोज रात्री वहीत जे लिहिलं ते थोडं नीट करून इथे देतोय. कुणाला झाडाभोवती सरळ बाजूंचा पार बांधायचा असेल तर आमची चुकीची मापंही उपयोगी पडतील. गाव सिंधुदुर्गातलं, दगड जांभा. मापं फूट, इंच आणि सुतात. आठ सुतांचा एक इंच.

१२ एप्रिल

जुना पार गोल होता. तीस-एक वर्षांपूर्वी कुणीतरी विटांचा गोल करून वर खोडापर्यंत सिमेंट ओतलं होतं. पिंपळ गप्प बसणारं झाड नाही, मुळांनी सिमेंट चार ठिकाणी उचललं. आज पोरांनी घण घालून सगळं काढलं. खोडाचा घेर तेरा फूट भरला, म्हणजे जाडी साधारण चार फूट.

नवीन पार गोल नको, कारण चिरा (जांभ्याचा कापीव दगड) सरळ असतो. आणलेला चिरा चौदा इंच लांब, नऊ रुंद, सात उंच. त्याला गोलाईत बसवायचं तर प्रत्येक चिरा तासावा लागेल. मग कोपरे किती? एकाने रायगडावरचे द्वादशकोनी मनोरे आठवून बारा कोपरे सुचवले. दिसायला झकास, पण बारा कोपरे म्हणजे भिंतीवरच्या कडप्प्याला (दगडी फरशीला) चोवीस तिरके काप. सहा कोपऱ्यांचा आखायला सगळ्यात सोपा, पण त्याचं एक टोक रस्त्यात येत होतं. आठ ठरले. एक बाजू देवळाकडे, तिच्या समोरची रस्त्याला समांतर. बाजू सात फुटांची. समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर सोळा फूट अकरा इंच येतं (बाजू गुणिले २.४१४).

१४ एप्रिल

आज फक्त कागद. आठ कोपऱ्यांच्या आकृतीत आतल्या कोनांची बेरीज (८ − २) × १८० = १०८० अंश, म्हणून प्रत्येक आतला कोन १३५. बाहेरचा कोन, म्हणजे एक बाजू सरळ पुढे वाढवली तर पुढची बाजू तिच्यापासून जितकी वळते तो, ४५. आठ वेळा ४५ म्हणजे ३६०. पाराभोवती चालत एक फेरी मारली की माणूस एकदा पूर्ण फिरतो, एवढाच त्याचा अर्थ.

हे दोन आकडे वेगळे ठेवणं किती अवघड आहे ते लगेच कळलं. पुतणी आठवीत आहे. तिला अंगणात म्हटलं, सात पावलं चाल, १३५ वळ, पुन्हा सात पावलं. ती आज्ञाधारकपणे वळत गेली आणि अंगणभर आठ टोकांची चांदणी काढून परत जागेवर आली. मी शाळेत असताना काँप्युटरच्या तासाला लोगो होतं, त्यातल्या कासवाकडूनही माझ्या हातून हीच चांदणी निघाली होती. वळायचं असतं बाहेरच्या कोनाने. १३५ ने आठ वेळा वळलं तर १०८० होतात, म्हणजे तीन पूर्ण गिरक्या. आकृती जुळते खरी, पण आपल्याला हवी ती नाही. चांदणीच्या आकाराचा पार कुणी बांधणार असेल तर कृती ही.

मेस्त्रींना कागद दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून परत दिला. "कागद रवांदे. माका दोरी दाखवा."

१५ एप्रिल

आखणी. गोल किंवा नियमित आकार आखताना सगळे मध्यभागी खुंटी मारतात आणि दोरी फिरवतात. आमच्या मध्यभागी चार फूट जाडीचा पिंपळ. त्यामुळे कडेकडेनेच जायचं ठरवलं: सात फूट, कोन, सात फूट, कोन.

कोनासाठी शाळेतून फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक मागून आणला. कंपासपेटीतला छोटा वापरू नका हे मला माहीत होतं, कारण एक अंश चुकला तर सात फुटांवर जवळपास दीड इंच सरकतो. मोठा आणला म्हणून मी खुशीत होतो.

सकाळी नऊला सुरुवात. दोरी, खुंटी, कोनमापक, १३५, पुन्हा दोरी. साडेअकराला आठवी बाजू मारली आणि शेवटची खुंटी पहिल्या खुंटीपासून सव्वा फूट लांब पडली. पंधरा इंच! सगळ्या बाजू पुन्हा मोजल्या, सात फूट बरोबर. सगळे कोन पुन्हा मोजले, आठही १३५. बेरीज १०८०. कागदावर सगळं बरोबर आणि जमिनीवर सव्वा फूट फट.

कोनमापकच वाकडा असेल म्हणून मेस्त्रींच्या गुण्याला (काटकोन तपासायच्या पट्टीला) लावून पाहिला. नव्वद बरोबर दाखवत होता. जेवायच्या सुट्टीनंतर पुन्हा पहिल्यापासून आखलं. पुन्हा तीच फट, तेवढीच. मेस्त्री आणि गडी दिवसभर सावलीत बसून. दोघांची मजुरी पंधराशे.

१६ एप्रिल

चूक सापडली, आणि ती मी शोधली नाही. पुतणी चौकोनी कागद कर्णावर घडी घालून कोनमापकाने मोजत होती. ४५ यायला हवेत, येत होते ४४. मग तिने कोनमापक डोळ्यांजवळ धरला. "काका, शून्याची रेघ कडेला नाहीये. वर आहे थोडी."

लाकडाच्या खालच्या कडेपासून शून्याची रेघ अर्धा सेंटिमीटर वर. मी दोरीला कड लावत होतो, रेघ नाही. त्यामुळे जिथे मी १३५ वाचत होतो तिथे खरा कोन १३४ होता. तपासताना तीच चूक तशीच केली, म्हणून पुन्हा १३५ दिसले. आणि गुण्याला लावल्यावर पकडलं का गेलं नाही? कारण नव्वदच्या खुणेला हा फरक पडतच नाही, ती खूण बरोबर डोक्यावर असते. जितकं नव्वदपासून दूर जाल तितका घोळ.

आठही कोपऱ्यांवर एकेक अंश जास्त वळलं की वळण ३६० ऐवजी ३६८ होतं. सात फुटी बाजूला त्याची फट किती ते रात्री हिशेब करून पाहिलं: १५ इंच. अगदी जमिनीवर होती तेवढीच. सुतापर्यंत जुळणारी चूक बघून मला वाईट वाटायच्या ऐवजी बरंच वाटलं, का ते सांगता येत नाही.

मेस्त्रींनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झाड मधी आसा, मग भायरसून चौक मारा आनि कोपरे उडवा." मी दीड दिवस त्यांना बोलूच दिलं नव्हतं.

१८ एप्रिल

मेस्त्रींची पद्धत, आणि मी आता हीच सांगेन. झाडाभोवती सोळा फूट अकरा इंचांचा चौक आखायचा. प्रत्येक कोपऱ्यापासून दोन्हीकडे चार फूट अकरा इंच तीन सूत मोजून खुंट्या मारायच्या. त्या दोन खुंट्या जोडल्या की कोपरा उडतो आणि तिरकी बाजू सात फुटांची मिळते. चौकाच्या बाजूवर मधे उरतात तेही सात फूट. आठ बाजू तयार, कोनमापक लागतच नाही. तिरकी बाजू चौकाच्या बाजूशी ४५ अंशांनी वळते ते आपोआप.

यातली अडचण एकच. चौक काटकोनात आहे का हे बघायला एरवी दोन्ही कर्ण मोजतात. इथे कर्णांवर झाड. म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर सहा-आठ-दहा लावला, म्हणजे या फुटांच्या बाजूंचा काटकोन त्रिकोण. तीन-चार-पाचपेक्षा हा मोठा त्रिकोण घ्या, दोरीच्या ढिलाईचा फरक कमी पडतो.

दुसरा तपास फुकटात मिळतो. कोपरा काटकोनात असेल तरच उडवलेली बाजू सात फूट भरते. आमची एक बाजू सात फूट एक इंच आली, म्हणजे तो कोपरा नव्वदऐवजी दीड-एक अंश फाकलेला. खुंटी सरकवली, जुळलं.

तिसरा तपास एक कोपरा सोडून पुढच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर: बारा फूट अकरा इंच दोन सूत. ही दोरी खोडाला लागत नाही. आठही वेळा मोजली. सात ठिकाणी सुता-दोन सुतांचा फरक, एके ठिकाणी अर्धा इंच. मेस्त्री म्हणाले चालेल. मीही चालवून घेतलं, आणि तो अर्धा इंच पुढे कडप्प्याच्या वेळी परत आला.

कडेकडेने जाण्यात आणि चौकात फरक काय, हे मला हाताने केल्यावर समजलं. कडेने जाताना प्रत्येक चूक पुढच्या खुंटीला वारशात मिळते. चौकात ती त्याच कोपऱ्यात राहते.

आखलेल्या रेघांवर फक्की (पांढरी भुकटी) मारली. संध्याकाळी देवळाच्या पायरीवरून बघितलं तर पांढरा अष्टकोन सुरेख दिसत होता. फोटो काढून वाडीच्या ग्रुपवर टाकले. घाई केली.

२१ एप्रिल

पाया खोदताना सहाव्या कोपऱ्याखाली मूळ लागलं. मांडीएवढं जाड, जमिनीपासून चार इंचांवर, थेट कोपऱ्यातून बाहेर जाणारं. बाकी ठिकाणी बोटाएवढी मुळं होती, त्यांच्यावरून चिरा घालता येतो. हे तसं नव्हतं.

एक-दोघांनी कोयता आणायची भाषा केली. शेजारच्या आजी काठी टेकत आल्या, वाकून मूळ पाहिलं आणि "मूळ तोडूचा नाय" एवढंच बोलून परत गेल्या. विषय संपला. माझंही मत तेच होतं. एवढं मूळ एका बाजूने तोडलं तर पावसाळी वाऱ्यात झाड कुठे कलेल ते सांगता येत नाही. पण माझं मत कुणी विचारलं नव्हतं.

पूर्ण पार सरकवता येईना, पलीकडे रस्ता. मग कोपराच आत घ्यायचा. नुसता कोपरा कापून सरळ भिंत घातली तर फक्त चौदा इंच आत जातं, तेवढ्याने मूळ सुटत नव्हतं. म्हणून आत वळणारी खाच. कोपऱ्याच्या दोन्हीकडे तीन-तीन फुटांवर एक-एक नवा कोपरा, आणि त्यांच्या मधे, आतल्या बाजूला, तिसरा.

२२ एप्रिल

आजचा अर्धा दिवस माझ्या वहीने खाल्ला. एक कोपरा जाऊन तीन आले, म्हणजे दहा कोपरे. कडप्प्याचे काप आधीच काढून ठेवावेत म्हणून कोन मांडले. सात जुने कोपरे, वळण ४५ प्रमाणे ३१५. खाचेच्या दोन्ही तोंडांचं, म्हणजे बाहेरच्या दोन नव्या कोपऱ्यांचं, वळण साडेबावन्न-साडेबावन्न, आतल्या कोपऱ्याचं साठ. बेरीज ४८०.

तीनशे साठ यायला हवेत. १२० जास्त. मग आतल्या कोनांनी करून पाहिलं. सात वेळा १३५ म्हणजे ९४५, खाचेची तोंडं साडेएकशेसत्तावीस प्रमाणे २५५, आतला कोपरा १२०. बेरीज १३२०. दहा कोपऱ्यांना हवेत १४४०. पुन्हा १२० चा फरक, या वेळी कमी. दोन्ही वेळा १२० च, म्हणजे गडबड एकाच जागी आहे हे दिसत होतं, पण कुठे ते दिसेना. खाचेची मापंच चुकली असं समजून ती तीनदा बदलली.

शेवटी फक्कीवरून चालायला गेलो. पुतणी पुढे, मी मागे. पार डाव्या हाताला ठेवून चाललो, प्रत्येक कोपऱ्यावर डावीकडे वळायचं. डावीकडे, डावीकडे, खाचेचं पहिलं तोंड आलं, डावीकडे. आत शिरलो, खाचेच्या तळाशी आलो आणि ती उजवीकडे वळली. थांबून म्हणाली, "इथे उलटं वळलो ना आपण?"

उलटं वळण वजा. ३१५ + ५२.५ − ६० + ५२.५ = ३६०. आतल्या कोनाचंही तेच. खाचेच्या तळाशी मी जो १२० मोजला तो बाहेरून, रस्त्याच्या बाजूने मोजला होता. पाराच्या आतून तो २४० आहे. ९४५ + २५५ + २४० = १४४०. मेस्त्री सगळं बघत होते. "पोरगी बरोबर बोलता," म्हणाले आणि बिडी विझवली.

२३ एप्रिल

खाच आखली. मी साडेबावन्न अंश कसे घ्यायचे या विचारात असताना मेस्त्रींनी विचारलं, "कोन कित्याक व्हयो? दोन दोरये पुरे." खरंच पुरल्या. जुन्या कोपऱ्यापासून तीन-तीन फुटांवर दोन खुंट्या. प्रत्येक खुंटीला तीन फूट दोन इंच तीन सुतांची दोरी बांधून आत ओढली. दोन्ही दोऱ्यांची टोकं जिथे भेटली तिथे तिसरी खुंटी. मूळ खाचेच्या तळापासून हातभर बाहेर राहिलं.

पाराचा घेर छप्पन फुटांवरून छप्पन फूट पाच इंच झाला, म्हणजे चिऱ्यांत फरक नाही.

२५ एप्रिल ते २ मे

बांधकाम. यात सांगण्यासारखं कमी आहे. एक थर जमिनीत, तीन वर. एका थराला सत्तेचाळीस चिरे लागले. मेस्त्री ओळंबा लावत होते, आम्ही घमेली वाहत होतो. उंची सगळीकडे सारखी ठेवायला पाण्याची नळी वापरली.

कोपऱ्याच्या चिऱ्याबद्दल मात्र लिहायला हवं. १३५ च्या कोपऱ्यात दोन चिरे नुसते टेकवले तर बाहेरच्या अंगाला पाचरीसारखी फट राहते, ती सिमेंटने भरली की पहिल्या पावसात चिरते. मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी प्लायवुडच्या तुकड्याचा १३५ चा फर्मा (साचा) बनवून घेतला. प्रत्येक थरात कोपऱ्याचा एक चिरा आलटून पालटून इकडचा-तिकडचा लांब ठेवला आणि फर्मा लावून त्याचं तोंड तासलं, म्हणजे वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येत नाही. खाचेच्या तळासाठी वेगळा फर्मा, १२० चा. तो बनवायला समान बाजूंचे दोन त्रिकोण शेजारी ठेवले की झालं.

एक दिवस मी फर्मा उलटा धरला आणि खाचेच्या तोंडाचा चिरा १२० ला तासायला लावला. साडेसातचा फरक डोळ्याला कळत नाही. वर दोरी लावल्यावर कळला. चिरा वाया.

प्रत्येक बाजूला खालून दुसऱ्या थरात पाणी जायला दोन इंची पाइपचा तुकडा घातला. आत खोडापासून अडीच फूट जागा मोकळ्या मातीची ठेवली. खोडाला सिमेंट लावायचं नाही हे आजींनीच बजावलं होतं.

५ मे

सगळ्यात महागडा दिवस. भिंतीवर बसायला बारा इंच रुंद कडप्पा. एका बाजूला साडेतीन फुटांचे दोन तुकडे. तालुक्याच्या गावातल्या दुकानात काप मारून मिळतात. मी फोनवर सांगितलं, "कोपऱ्याला पंचेचाळीसचा काप." आठवडाभर डोक्यात ४५ घोळत होते ना.

दुकानदाराने सांगितलं ते केलं. सहा तुकडे पहिल्या फेरीत आले. भिंतीवर ठेवून पाहिले तर दोन तुकड्यांचा कोपरा काटकोनाचा झाला. दारं-खिडक्यांच्या चौकटीचा.

वळण ४५ चं आहे, आणि ते दोन तुकड्यांत वाटून घ्यायचं असतं. काप साडेबावीसचा हवा, म्हणजे तुकड्याच्या कडेशी साडेसदुसष्टचा, १३५ चा निम्मा. शाळेत हे विचारलं असतं तर मी झोपेतून उठून सांगितलं असतं.

सहापैकी दोन तुकडे आखूड करून खाचेशेजारच्या चार फुटी बाजूंना लागले. चार नव्याने घेतले: चौदा चौरस फूट, पासष्ट रुपये दराने ९१०. रिक्षाचे तीनशे वेगळे.

७ मे

आता काप इथेच मारायचे ठरवलं, ग्राइंडर आणि डायमंड ब्लेड भाड्याने. साडेबावीस अंश कडप्प्यावर कसे आखायचे? बारा इंच रुंदीला पाच इंच. तुकड्याच्या बाहेरच्या टोकावर खूण, आतल्या कडेवर टोकापासून पाच इंच आत दुसरी खूण, दोन्ही जोडायच्या. नेमकं माप यापेक्षा केसभर कमी येतं, पण तेवढं ग्राइंडरचं पातंच खातं. हा एक आकडा सगळ्या वहीत सर्वांत कामाचा निघाला. खाचेच्या तोंडांना पाचऐवजी सहा इंच. तळाच्या कोपऱ्याला सात इंच, पण उलट्या बाजूने: तिथे आतली कड लांब आणि रस्त्याकडची आखूड. हा काप मारण्याआधी आम्ही पुठ्ठा कापून दोनदा ठेवून पाहिला. पोळलेले होतो.

आणि तरी चुकलो. पहिल्या तीन बाजू कोरड्या मांडल्या तर कोपरे मिटेनात, प्रत्येक बाजू सव्वा इंच कमी. काप बरोबर, माप बरोबर. तासभर सगळे कडप्प्याकडे बघत उभे. मग लक्षात आलं: कडप्पा भिंतीच्या दीड इंच पुढे काढला होता, पाणी भिंतीवरून ओघळू नये म्हणून. बाजू पुढे सरकली की लांब होते. भिंत सात फुटांची, पण दीड इंच पुढची कड सात फूट सव्वा इंचाची. मी बाहेरची कड नेमकी सात फूट कापली होती.

या तीन बाजूंना मधल्या सांध्यात सव्वा इंचाची पट्टी घालून निभावलं. देवळाकडून येताना पहिल्या नजरेला ती दिसते. उरलेल्या बाजू नीट कापल्या.

१० मे

कडप्पा बसला. अठरा तारखेचा अर्धा इंच तिसऱ्या कोपऱ्यावर परत आला, सांधा तीन सूत उघडा राहिला. काळा रंग मिसळलेल्या सिमेंटने भरला. खाचेचा तळ मात्र असा बसला की पत्त्याचं पान आत जाणार नाही. सगळ्यात अवघड काप सगळ्यात चांगला आला, कारण त्यालाच आम्ही घाबरलो होतो.

१२ मे

हिशेब. चिरे २१० नग, ३८ प्रमाणे ७,९८०. सिमेंट नऊ पोती ३,५१०. वाळू-खडी ४,५००. मेस्त्री अकरा दिवस ९,९००, गडी अकरा दिवस ६,६००. कडप्पा ४,१६०, नंतरचा ९१०. ग्राइंडरचं भाडं आणि रिक्षा १,४००. पाइप आणि किरकोळ ६४०. एकूण ३९,६००. वर्गणी ३५,००० जमली होती, वरचे मी घातले. त्यांतले ३,४६० निव्वळ माझ्या कोनांचे: दीड दिवसाची वाया मजुरी, चार तुकडे कडप्पा आणि एक जादा रिक्षा. म्हणून उरलेले ११४० मागायलाही तोंड नव्हतं.

मेस्त्रींनी १३५ चा फर्मा मागून घेतला. त्याच्यावर पेन्सिलीने त्यांनी १३५ लिहिलं नाही. "पिंपळ" लिहिलंय.

१५ जून

मुंबईला परत आल्यावरची ही नोंद. पुतणीने फोटो पाठवले. पाऊस लागलाय, पाइपांतून पाणी नीट जातंय, फक्त पाचव्या बाजूचा पाइप पानांनी तुंबतो. तिसऱ्या कोपऱ्याचा सांधा अजून धरून आहे. खाचेत दूधवाल्याने मोटरसायकलचं पुढचं चाक घालून ठेवलेलं दिसतंय. पुतणी लिहिते, रोज तिथेच लावतो, स्टँडही काढत नाही.